सत्कारमूर्ती की चित्रपटकार?

गोमंतकात 'चित्रपट महोत्सव' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पणजी उभी राहते. मांडवीकाठची रोषणाई, गळ्यात ओळखपत्रे अडकवून रांगेत उभे असलेले प्रतिनिधी, लाल गालिचा आणि त्यावरून चालत जाणारे नट. हे चित्र मनात इतके पक्के बसले आहे की पेडण्यात वा डिचोलीत एखादा छोटा, स्वतंत्र महोत्सव भरवावा असे कोणी सुचवले, तर पहिला प्रश्न येतो तो 'कोणते कलावंत येणार?' असा, आणि दुसरा 'उद्घाटनाला कोणाला बोलावणार?' असा. चित्रपट कोणते, ते कोणी केले आणि त्या करणाऱ्याशी आम्ही काय बोलणार, हे प्रश्न पुष्कळदा विचारलेच जात नाहीत. चित्रपटकाराला केंद्रस्थानी ठेवणारा छोटा महोत्सव आमच्या या दोन तालुक्यांत खरोखर रुजेल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पैसा आणि यंत्रे या अडचणी खऱ्या आहेतच; पण आमच्या मते मुख्य अडथळा आमच्या रसिकतेच्या एका जुन्या सवयीत आहे.

२००४ या एकाच वर्षात दोन घटना घडल्या. १९५२ साली मुंबईत आरंभ झालेला आणि पुढे शहरोशहरी फिरलेला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस पणजीस आला आणि येथेच स्थिरावला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात बहुपडदा चित्रगृह उभे राहिले, मॅकिनेझ पॅलेसचा जीर्णोद्धार झाला. गोव्याला त्याचा अभिमान वाटला, आणि तो रास्त होता. दुसरी घटना त्याआधी फेब्रुवारीत मुंबईत घडली, आणि तिची वार्ता आमच्याकडे फारशी पोहोचली नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवाने भारतीय प्रवेशिकांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला होता. माहितीपटकारांनी एकजुटीने विरोध केला, अट मागे घेण्यात आली. पण निवड जाहीर झाली तेव्हा राजकीय आशयाचे अनेक चित्रपट बाहेर राहिले होते. मग त्या चित्रपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात, सरकारी महोत्सवाच्या त्याच दिवसांत, स्वतःचा महोत्सव भरवला. त्याचे नाव 'विकल्प'. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरचा राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' तेथे दाखवला गेला. खुर्च्या मांडणारे, प्रक्षेपणाची व्यवस्था पाहणारे आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे पुष्कळसे तेच, चित्रपट करणारे, होते. पुढे 'विकल्प' इतर शहरांतही गेला.

एका महोत्सवात चित्रपटकार हा निमंत्रित असतो, दुसऱ्यात तो यजमान असतो. निमंत्रिताचे निमंत्रण काढूनही घेता येते. २०१७ साली पणजीच्या महोत्सवात हेच झाले. परीक्षक मंडळाने भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी निवडलेले रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' आणि सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम 'एस. दुर्गा' हे दोन चित्रपट मंत्रालयाने यादीतून वगळले. मंडळाचे प्रमुख सुजय घोष यांनी राजीनामा दिला. केरळच्या उच्च न्यायालयाने 'एस. दुर्गा' दाखवण्याचा आदेश दिला, तरी तो दाखवला गेला नाही. एका मराठी चित्रपटावर आमच्याच भूमीत हा प्रसंग ओढवला असता गोमंतकातील मराठी संस्थांमधून त्यावर किती बोलले गेले, हे ज्याचे त्याने आठवावे. पणजीच्या महोत्सवाने जगातला उत्तम सिनेमा आमच्या दारी आणला हे निर्विवाद. तेथे जे पाहावयास मिळाले त्याने आमच्या तरुणांची एक पिढी घडली. परंतु तो शासनाचा महोत्सव आहे, आणि शासनाच्या घरी पंगतीत कोणी बसावे हे शासनच ठरवते.

विन्सन ग्राफिक्सने २००८ पासून पणजीत भरवलेल्या गोवा मराठी चित्रपट महोत्सवाचे ऋणही मान्य केले पाहिजे. मराठी चित्रपट पाहण्यासाठी गोव्यात सभागृहे भरतात, हे त्याने दाखवून दिले. पण तोही राजधानीचा, आणि त्याचे आकर्षण मुख्यतः पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यांचे. आम्हांला ज्या महोत्सवाविषयी बोलावयाचे आहे त्याचे आकर्षण पडद्यामागच्या माणसाचे असेल.

असे महोत्सव जगात आहेत, आपल्या देशातही आहेत. धर्मशाळेला २०१२ पासून रितू सरीन आणि तेनझिंग सोनम या चित्रपटकार दांपत्याने चालवलेला महोत्सव स्पर्धा घेत नाही, पारितोषिके देत नाही. चित्रपट करणाऱ्यांना डोंगरावर बोलावतो आणि गावाशी बोलावयास लावतो. पण आमच्या पेडण्याला अधिक जवळचे उदाहरण जपानचे आहे. शिन्सुके ओगावा हा माहितीपटकार १९६८ पासून आपल्या सहकाऱ्यांसह सानरिझुका येथील शेतकऱ्यांत जाऊन राहिला. तेथे नारिता विमानतळासाठी शेतजमिनी घेतल्या जात होत्या. लढ्याचे चित्रण त्याने वर्षानुवर्षे केले. १९७३ च्या 'हेता बुराकु' या चित्रपटात तर मोर्चे मागे पडतात आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे बोलणे, घरोघरच्या रीती, गावाचा काळ पुढे येतो. त्यानंतर ही मंडळी यामागाता प्रांतातील मागिनो या खेड्यात जाऊन राहिली, स्वतः भात पिकवू लागली, आणि दहाएक वर्षांनी त्यातून सुमारे पावणेचार तासांचा एक चित्रपट निघाला. त्यात गावकरीच आपल्या पूर्वजांच्या भूमिका करतात. तो दाखवण्यासाठी क्योतो शहरात माती आणि गवती छपराचे एक खास नाट्यगृह उभारले गेले. १९८९ साली यामागाता शहरात दर दोन वर्षांनी भरणारा माहितीपट महोत्सव सुरू झाला, त्यामागे ओगावाची प्रेरणा होती. तो १९९२ साली वारला, पण महोत्सव चालू राहिला. दिवसाचे खेळ आटोपले की चित्रपटकार आणि प्रेक्षक अनेक वर्षे तेथील एका जुन्या लोणच्याच्या दुकानाच्या वास्तूत जमत आणि मध्यरात्र उलटेपर्यंत वाद घालत. महोत्सवाची खरी कीर्ती त्या बैठकीची आहे.

पेडण्याच्या वाचकास यात काही ओळखीचे वाटले असेल. मोपाच्या पठारावर जमिनी गेल्या, धनगर कुटुंबे हलवली गेली, आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. गोव्याला येणारे पाहुणे आता पेडण्यात उतरतात आणि पेडणे न पाहता पुढे जातात. डिचोलीत २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या. ट्रकांच्या तांबड्या धुळीने माखलेली गावे एकाएकी शांत झाली, आणि त्या शांततेत कोणाच्या चुली थंडावल्या, कोणाच्या विहिरींना पाणी आले, हा विषय तर एखाद्या ओगावासाठीच राखून ठेवल्यासारखा आहे. या दोन तालुक्यांतील महोत्सवाला विषयांसाठी दूर जावे लागणार नाही. खाण, विमानतळ, जमीन यांवर अन्यत्र चित्रपट करणारा कोणी येथे आला, तर प्रेक्षकांत त्याच्याइतकेच जाणणारी माणसे बसलेली असतील. पणजीच्या चित्रगृहात हे सहसा घडत नाही.

आता आमच्या रसिकतेच्या त्या सवयीकडे वळू.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले. नव्या काबिजादींत आमच्या पूर्वजांनी आपली भाषा आणि आपला देव राखला, तो पुष्कळसा देवळाच्या सभामंडपात राखला. कीर्तन, भजन, दशावतारी काला, उत्सवी नाटक हे त्या राखणीचे प्रकार. त्यांतला दशावतार चित्रपटकार-केंद्री महोत्सवाचा खरा पूर्वज आहे, असे आम्ही म्हणतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची मंडळी पेटारे घेऊन जत्रेला येतात, देवळाच्या आवारातच तोंडे रंगवतात, आणि ज्या पोराने संध्याकाळी राजाला विडी ओढताना पाहिले तेच पोर रात्री त्याच्या तलवारीपुढे श्वास रोखून बसते. संहिता लिहिलेली नसते; संकासुराचे बोलणे लांबले की प्रेक्षक तसे कळवतात, आणि नट ते ऐकतो. कलावंत आणि रसिक यांच्यामध्ये पडदा नाही, जाहिरात नाही, मध्यस्थ नाही. खेळ बरा झाला नाही तर गाव तोंडावर सांगते, आणि पुढल्या वर्षी तीच कंपनी पुन्हा येते. दोष दाखवल्याने पाहुण्याचा अपमान होतो ही कल्पना दशावताराच्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हती.

ती कल्पना आली कोठून? आमचा कयास असा की ती उत्सवी नाटकातून आली आणि संस्थांच्या सभांतून पक्की झाली. उत्सवी नाटकात रंगमंचावर आपलाच पुतण्या, आपलाच शेजारी असतो. तेथे कौतुक हीच रीत. शब्द विसरला तरी टाळी. यात वाईट काही नाही. किंबहुना त्या टाळीनेच गोमंतकाला नट पुरवले. पण हीच रीत आम्ही परक्याच्या कलाकृतीलाही लावली. पुस्तकाचे प्रकाशन असो, कवीचे वाचन असो की नाटककाराची भेट, आमचा कार्यक्रम एकाच साच्याचा: समई, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, अध्यक्षीय मनोगत, आभार. या सर्वांतून मूळ कलाकृतीसाठी वेळ उरला तर तो उरतो. 'कोणाला प्रश्न विचारावयाचे आहेत काय?' असे सूत्रसंचालकाने विचारावे, क्षणभर शांतता पसरावी, आणि मागच्या रांगेतून खुर्च्या सरकल्याचा आवाज यावा. सत्कार हा संवाद टाळण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. शाल पांघरली की माणूस निरुत्तर होतो, तोही आणि आम्हीही.

चित्रपटकाराला केंद्रस्थानी आणू म्हणणाऱ्या महोत्सवाला हा धोका सर्वांत मोठा. नटाला केंद्रस्थानी ठेवले तर सत्कार पुरतो, कारण लोकांना त्याला पाहावयाचे असते. दिग्दर्शकाला पाहावयाचे नसते. बहुधा तो चष्मा लावलेला, थकलेला, कर्जात असलेला मनुष्य असतो. त्याच्याकडे जे असते ते विचारल्याशिवाय मिळत नाही: अमुक ठिकाणी चित्रचौकट इतका वेळ स्थिर का ठेवली, या बाईला शेवटी बोलू का दिले नाही, ज्यांचे दुःख चित्रित केले त्यांना तो चित्रपट दाखवला काय, पैसे कोणी दिले आणि त्याबदल्यात काय मागितले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसला दोन पारितोषिके घेऊन आला. त्यातील न्यायालयाचे कंटाळवाणे कामकाज हे दोष आहे की रचना, हा प्रश्न ज्याला पडला आणि ज्याने तो विचारला नाही, त्याने अर्धाच चित्रपट पाहिला. आमच्या कुटुंबांतून पूर्वी एका अभंगाच्या पाठभेदावरून रात्र जागवली जात असे, अशा आठवणी वडीलधारे सांगतात. ती भांडखोर, प्रेमळ चिकित्सा अजून आमच्या अंगात आहे, फक्त सभागृहात शिरताना आम्ही ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

भाषेचा मुद्दा येथेच घेतो, कारण तो टाळला जातो. मराठी कुटुंबांनी चालवलेल्या महोत्सवात कोंकणी चित्रपटाचे स्थान काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: मानाचे. लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा 'पल्तडचो मनीस' २००९ साली टोरोंटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक घेऊन आला. घाटातल्या रानाचा एकटा रखवालदार आणि एक वेडसर स्त्री यांची ती कथा महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट'वरून घेतलेली आहे, आणि सैल हे दोन्ही भाषांत लिहिणारे लेखक आहेत. त्या चित्रपटातला गाव, त्यातले देऊळ बांधण्याचे पुण्य आणि माणूस हाकलण्याचे पाप, हे आमच्या परिचयाचे आहे. ते कोंकणीत बोलले गेले म्हणून परके होत नाही. बार्द्रॉय बार्रेतो यांचा 'नाचुंया कुंपासार' तर महोत्सव चालवू पाहणाऱ्यांनी धडा म्हणून अभ्यासावा. हितचिंतकांच्या वर्गणीतून तो चित्रपट उभा राहिला, आणि बहुपडदा चित्रगृहांच्या दयेवर न राहता करणाऱ्यांनी तो सभागृहांतून स्वतः लोकांपुढे नेला. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा मान त्याला मिळाला. दशावताराच्या कंपनीने पेटारे उचलून गावोगाव जावे, तसेच हे झाले. ज्या वादात आम्ही उभयपक्षी इतकी वर्षे झिजलो तो वाद एका अंधाऱ्या सभागृहात तीन दिवस बाजूला ठेवता येणार नसेल, तर महोत्सव न भरवलेलाच बरा.

आता व्यवहार. तो थोडक्यात सांगतो, कारण इच्छा असली की त्यातले बरेचसे सुटते. साखळीचे रवींद्र भवन आणि डिचोलीचे हिराबाई झांट्ये सभागृह या वास्तू जिवंत आवाजासाठी आहेत. चित्रपटाचा ध्वनी तेथे घुमू शकतो, म्हणून आदल्या दिवशी प्रत्यक्ष चित्रपट लावून कान देऊन ऐकले पाहिजे. पेडण्याकडे बहुतेक ठिकाणी सपाट जमीन आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. भाषांतराच्या ओळी पडद्याच्या तळाशी येतात आणि पुढच्याच्या डोक्याआड जातात. पडदा हातभर उंच बांधणे हा यावरचा उपाय, आणि तो कोणत्याही मंडप घालणाऱ्याला जमतो. वीज जाते, हे गृहीत धरावे. ज्या चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र नाही त्यांच्या महोत्सवी खेळांसाठी केंद्रीय मंत्रालयाकडून सूट मिळवावी लागते. चित्रपटांची यादी आणि कथासारांश वेळेत पाठवणे हे कंटाळवाणे काम एका काटेकोर मनुष्याकडे सोपवावे, उत्साही मनुष्याकडे नव्हे.

चित्रपट किती असावेत? आमच्या मते तीन दिवसांत नऊ पुरेत, एकाच पडद्यावर, सर्वांनी एकत्र पाहावेत असे. समांतर पडदे लावले की प्रेक्षक विभागतो आणि रात्रीच्या जेवणाला बोलावयास समान विषय उरत नाही. प्रत्येक चित्रपटानंतर तासभर मोकळा ठेवावा. चित्रपटकाराकडून प्रवेशशुल्क घेऊ नये. हल्ली शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला कोणते ना कोणते पारितोषिक वाटणारे 'आंतरराष्ट्रीय महोत्सव' जागोजाग निघाले आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्यात भूषण नाही. पाहुण्याला आगगाडीचे भाडे आणि चित्रपट दाखवण्याचे थोडे का होईना मानधन द्यावे, पाकिटात घालून गुपचूप नव्हे, तर आधी पत्राने कळवून. आणि त्याची राहण्याची सोय हॉटेलात न करता घरात करावी. आमची जुनी घरे मोठी आहेत, मुले पुण्या-मुंबईला वा परदेशी गेली आहेत, माडीवरच्या खोल्या बंद आहेत. दशावतारी मंडळींना गाव जेवू घालत असे, कीर्तनकार महाजनांकडे उतरत असे. चित्रपटकाराने सकाळी न्याहारीला बसून घरच्या आजींकडून 'कालचे तुमचे ते शेवटचे मला पटले नाही हो' असे ऐकावे. कोणत्याही परिसंवादापेक्षा त्याला ते अधिक उपयोगी पडेल.

प्रेक्षक तयार करणे हे काम मात्र तीन दिवसांचे नाही. १९४७ साली सुरू झालेली कलकत्त्याची फिल्म सोसायटी, १९५९ चा फिल्म सोसायट्यांचा महासंघ, १९६८ पासूनचे मुंबईचे प्रभात चित्र मंडळ यांनी महोत्सवाआधी कित्येक वर्षे महिन्यामहिन्याला चित्रपट दाखवले आणि त्यावर बोलण्याची, लिहिण्याची सवय लावली. आमच्या संस्थांनी दरमहा एक चित्रपट आणि त्यानंतर खुर्च्या वर्तुळात मांडून चर्चा, एवढे वर्षभर केले तरी पुष्कळ. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणी बोलणार नाही. तेव्हा संचालकाने स्वतःचे भाषण करून शांतता भरून काढण्याचा मोह आवरावा. शांततेचा कंटाळा आला की कोणीतरी बोलतेच, आणि बहुधा जो बोलेल तो मंचावर कधीही न बसलेला असेल.

राहता राहिली तिथी. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली संवाद ऐकू येत नाहीत. नोव्हेंबर पणजीने घेतला आहे. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम लागतो, तो शिगम्यापर्यंत सोडत नाही, आणि पेडण्याच्या पुनवेला कोणी चित्रपट पाहावयास बसेल हे संभवत नाही. उन्हाळ्यात लग्ने. पंचांग उलगडून पाहता एकच मोकळा काळ सापडतो: चतुर्थीनंतरचा म्हाळाचा पंधरवडा. पाऊस ओसरत आलेला असतो, सभागृहे रिकामी असून भाडेही कमी पडते, आणि शुभकार्य वर्ज्य असल्यामुळे त्या दिवसांत उद्घाटनाला यावयास कोणीही मान्यवर तयार होणार नाही.